चियाला वेशीच्या आत घ्यायचं का?

आईच्या अंगावर पित्त उठायला लागलं ते गनपतीच्या टायमाला. आधी मनगटावर एक, मच्छर चावल्यागत. मग कोपरापोतर. मग पाठ, मान, पोट. लाल लाल गांधी, एकाला एक चिकटलेल्या, शाळेतल्या नकाशात जिल्हे असतात तशा. आमच्याकडं अशा टायमाला जे करायचं ते सगळं करून झालं. कोकमाचं पानी झालं. गेरू फासून घोंगड्यात बसून झालं. ती तशी बसली की मी म्हनायचो, "आई, म्हसोबागत दिसतीयास, नारळ फोडू का?" आनि ती खाजवत खाजवत हसायची.

दिवाळी झाली तरी थांबंना, तवा मिरजेच्या डॉक्टरांनी गोळी दिली. गोळीनं पित्त बसायचं, पन त्याच्याबरोबर आई पन बसल्या जागी झोपायची. हातात मेथीची जुडी तशीच, मान खाली. एकदा चुलीपुढं पेंगली. माझे वडील आप्पा, त्यांनी मागनं वडली म्हनून पदर वाचला.

त्या दिवशी आई घाबरली. स्वतःसाठी न्हाई. ताईचं पैलं बाळंतपन मार्चमधी व्हतं. ताई वाईला दिलेली, आनि पैलं बाळंतपन म्हंजे माहेरीच. आई म्हनाली, "गोळी घेतली तर झोप. न्हाई घेतली तर अंगाची आग. मग म्या त्या जिवाला पायावर कशी घेऊ? न्हाऊ घालताना डोळा लागला तर?"

मी लग्नात, हळदीत, मंडळाच्या स्टेजवर आवाज काढनारा मानूस. एसटी स्टँडवरची बाई काढतो, रेड्याला चुकवून पळनारा सरपंच काढतो, थंडीत चालू न होनारा ट्रॅक्टर तर असा काढतो की म्हातारी मानसं म्हनतात, "आरं, जरा हँडल मार." पन आईच्या त्या सवालावर मला एक आवाज सुचंना.

डॉक्टरांनी मग सांगलीला डाएटवाल्या मॅडमकडं धाडलं. खान्यातलं काय बाधतंय का बघा म्हनाले. मॅडम हळू बोलायच्या, शब्द एकेक धुऊन वाळत घातल्यागत. त्यांनी सांगितलं ते असं: चार आठवडे जवळजवळ सगळं बंद. ज्यानं सहसा कुनालाच त्रास होत न्हाई तेवढंच खायचं. अंग शांत झालं की मग एकेक पदार्थ परत आत घ्यायचा, एकाला तीन दिवस द्यायचे, आनि कोन आल्यावर अंग पेटतंय ते बघायचं. ह्याला म्हनतात एलिमिनेशन डाएट. मी बाहेर आल्यावर आईला म्हनलं, "म्हंजे गावातनं सगळ्यांना तडीपार करायचं, मग एकेकाला वेशीच्या आत घ्यायचं, आनि भांडनं कुनामुळं लागत्यात ते बघायचं."

आईनं आत असतानाच शंका इचारलेली. "मॅडम, नारळाचं पानी?" मॅडम थांबल्या. म्हनाल्या, "मला खात्रीनं माहीत नाही काकू. वहीत लिहून ठेवा, पुढच्या वेळी बघू."

पांढरा कोट घातलेल्या मानसाच्या तोंडनं "माहीत नाही" मी जल्मात पैल्यांदा ऐकलं.

आमच्या घरात त्या कागदाची आप्पांनी पार फौजी ऑर्डर केली. एकवीस वर्षं फौजेत काढलेला मानूस. कागद सैपाकघरात दारामागं चिकटवला. डावीकडं "खायचं": तांदूळ, मूगडाळ, दुधी, दोडका, लाल भोपळा, करडईचं तेल, मीठ, हळद. उजवीकडं "बंद": गहू, ज्वारी, दूध, अंडी, मासे, हरभरा, सोयाबीन, तीळ, शेंगदाने, टोमॅटो, वांगं, चहा, आनि अजून लय. शेंगदाने बंद म्हंजे आमच्या घरात वीज बंद. आमच्याकडं भाजी करायची म्हंजे भाजी आनि कूट, आमटी आनि कूट. कूट संपलं तर आई शेजारी जाते, मीठ संपलं तरी एवढी पळत न्हाई.

"ऑर्डर इज ऑर्डर," आप्पा म्हनाले. "डावीकडचं खाना है. बाकी सब बंद."

"आवं, मग चा?" आई म्हनाली.

"उजवीकडं हाय."

आईनं चहा सोडला. चाळीस वर्षांचा चहा, एका दिवसात. तीन दिवस डोकं धरून बसली, पन कपाला हात लावला न्हाई. संक्रांत आली. बायका तिळगूळ द्यायच्या, ती घ्यायची, गोड बोलायची, पदरात बांधायची, आनि घरी येऊन माझ्या हातावर वतायची. वहीत लिवायची, "तिळगूळ आला. खाल्ला न्हाई." मी चोरून वही वाचली तवा आधी मला हसू आलं आनि मग आलंच न्हाई. आमी परीक्षेला एवढं प्रामानिक कवा लिवलं न्हवतं.

तेराव्या दिवशी सकाळी आई अंगनात हात पुढं करून उभी व्हती. उजेडात दोनी हात उलटून पालटून बघत व्हती, दुकानात बांगड्या घालून बघतात तशी. एक गांधी न्हाई. डॉक्टरांना फोन लावला. ते म्हनाले, गोळी आता लागली तरच घ्या. त्या दिवशी दुपारी आई झोपलीच न्हाई. नुसती जागी बसली, जागं असन्याची चैन करत.

आनि तवाच चिया आला.

झालं असं, की नुसता भात आनि दुधी खाऊन आईचं पोट साफ होईना. हे ती आमाला कशाला सांगतीया, ताईला फोनवर हळू सांगितलं. ताईनं मोबाईलवर कुठंतरी बघितलं आनि चियाचं पाकीट वाई-कराड गाडीच्या कंडक्टरकडं धाडून दिलं. मी कराडच्या स्टँडवर जाऊन घेतलं. वर चिठ्ठी: "आई, एक चमचा भिजवून खा. पोटाला लय चांगलं."

आईनं आधी एक चमचा वाटीत पान्यात टाकला. आमी तिघं वाटीभवती बसलो. बारीक बारीक करडं बी, मोहरीपेक्षा लहान. दहा मिनटांत एकेका दान्याभवती पान्याचा एक गोळा धरला. अर्ध्या तासात पानी गायब, नुसतं थरथरनारं काहीतरी, आनि प्रत्येक बी आपापल्या गोळ्यात मधोमध, कुनी कुनाला चिकटलेलं न्हाई.

"अळीवागत हाय," आई म्हनाली.

"सब्जागत," मी म्हनलं.

"बेडकाच्या अंड्यागत," आप्पा म्हनाले. पन ते पन उठंनात. एवढंसं बी आपल्याभवती एवढं पानी कसं काय धरून ठेवतं, हे तिघंबी वाकून बघत व्हतो.

आता सवाल असा, की चिया कागदावर कुठंच न्हवतं. डावीकडं न्हाई, उजवीकडं न्हाई.

"डावीकडं न्हाई म्हंजे न्हाई," आप्पा म्हनाले.

फोनवर ताई म्हनाली, "आप्पा, उजवीकडं पन न्हाई की! मग बंद कुठं हाय?"

"गेटपास न्हाई तर एंट्री न्हाई."

"आवं, लेकीनं धाडलंय," आई म्हनाली. "पोट बी तसंच हाय. पन अनोळखी बी हाय ह्ये. मॅडमना इचारते."

दवाखान्यात फोन लावला. तिथली पोरगी म्हनाली, मॅडम रजेवर, सोमवारी येतील, निरोप ठेवते. तवा शुक्रवार व्हता.

आता मी काय केलं ते सांगतो. मला महाबळेश्वरला एका हाटेलात कार्यक्रम व्हता, कुठल्यातरी कंपनीची मानसं आलती. गाडी यायला दहा मिनटं व्हती. मी गोठ्यामागं गेलो, दुसऱ्या सिमवरनं आईला फोन लावला आनि मॅडमचा आवाज काढला.

"हॅलो, नमस्कार काकू. मी बोलतेय. तुमचा निरोप मिळाला. चिया सीड्स ना? हो, चालतील. एक चमचा, भिजवून. काही हरकत नाही."

"बरं मॅडम," आई म्हनाली. "लय बरं झालं बगा. पोरीचं मन राह्यलं."

तिथनं पुढं जाऊन "कशी गंडवली!" म्हनायचं व्हतं. खरंच म्हननार व्हतो. पन तेवढ्यात रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला, मी पिशवी उचलून पळालो, आनि पाचगनीपोतर मला त्याची आठवनच न्हवती. आठवलं तवा वाटलं, एक चमचा तर बी हाय, काय होतंय. उद्या सांगू.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कार्यक्रमाच्या आधी आप्पांचा फोन आला. "आईच्या दोनी हातावर उठलंय. मानंवर बी. येताना गोळ्या घेऊन ये."

मला "चिया खाल्लं का?" असं इचारायचं धाडस झालं न्हाई. सोळा दिवस भात. चाळीस वर्षांचा चहा. पदरातला तिळगूळ. सगळं माझ्या एका आवाजानं पान्यात. स्टेजवर मी ट्रॅक्टर काढला, तर तो खरंच चालू होईना. लोक हसले. त्यांना वाटलं तसाच हाय तो.

सकाळच्या पैल्या गाडीनं घरी आलो. आई सोप्यात भुईमुगाच्या शेंगा पुढं घेऊन बसलेली. आमची उन्हाळी भुईमुगाची पेरनी तोंडावर आलती, बी निवडायचं चाललेलं. हातावर गांधी, लाल. आप्पा समोर वही घेऊन. मी पिशवी खाली ठेवली न्हाई, तशीच धरून बोललो.

"आई, तो फोन मी केलता. मॅडमचा."

"ठाव हाय," आई म्हनाली. मान वर केली न्हाई.

"ठाव हाय?"

"आरं, आवाज त्या बाईचाच. 'नमस्कार काकू' म्हनलास तवा म्या पदर नीट केला. पन पुढं लगेच 'चालतील' म्हनलास. ती बाई असं म्हनत न्हाई. तिला ठाव नसलं तर ठाव न्हाई म्हनती. तू तिचा गळा घेतलास, बाकीची बाई इसरलास."

मला आजवर लोकांनी शिट्ट्या दिल्यात, टाळ्या दिल्यात, एकदा तर लग्नात नारळ दिला. पन माझ्या कामाची एवढी बारीक पारख कुनी केली न्हवती.

"मग चिया खाल्लं न्हाईस तू?"

"खुळा का काय! त्ये बग तिकडं."

खिडकीत पोत्याचा एक ओला तुकडा पसरलेला. आमच्याकडं पेरायच्या आधी बियान्याची परीक्षा करत्यात. शंभर दाने ओल्या पोत्यात गुंडाळायचे, चार दिवसांनी उघडायचं, किती उगवले ते मोजायचं. आईनं तेच चियाला केलतं. पोत्याच्या धाग्याधाग्याला बी चिकटलेलं, आनि त्यातनं पांढरे, केसाएवढे कोंब बाहेर.

"जितं बी हाय," आई म्हनाली. "ताईला सांग, दुकानदारानं फसवली न्हाई तिला."

"मग उठलं कशानं?" आप्पांनी वही उघडली. "कोर्ट ऑफ इन्क्वायरी. काल सकाळपासनं तोंडात काय काय गेलं, सांग."

"भात. मुगाचं वरान. दुधी."

"दुपारी?"

"त्येच. दोडका व्हता."

"मधी?"

"मधी काय न्हाई. परवापासनं ह्ये बी निवडतीया, खायाला सवड कुठली..."

आनि हे सांगता सांगता आईच्या हातानं एक शेंग उचलली. फोडली. दाना काढला, तोंडात टाकला, दाताखाली धरला. कट्ट. वाळलाय का न्हाई बघितलं, अर्धा चावला, अर्धा थुकला, आनि ती रास उजवीकडच्या पाटीत सरकवली.

आप्पांचं पेन हवेतच.

"अगं... तोंडात काय हाय?"

"कुठं काय?"

"आत्ता काय घातलंस?"

आईनं जीभ फिरवली. मग आमच्याकडं बघितलं, मग शेंगांकडं, मग सोताच्या हाताकडं, तो हात जनू दुसऱ्याच बाईचा व्हता.

"ह्ये खानं हाय व्हय?" ती हळू म्हनाली. "ह्ये तर काम हाय."

खरंच. आमच्या गावात कुठल्याबी बाईला इचारा. दाताखाली दाना धरून वाळवन बघायची ही पद्धत आईला तिच्या आईनं शिकवली, तिला तिच्या आईनं. कट्ट वाजला तर वाळला, नुसता दबला तर ओला. त्याला कुनी खानं म्हनत न्हाई. वहीत तिळगूळ न खाल्लेला लिवनारी बाई, तिनं दोन दिवस शेंगदाने दाताखाली धरले, आनि ते वहीत कसं येनार? श्वास घेतला असं कोन लिवतं का?

मी हसायच्या बेतात व्हतो. पन आईनं हात वर केला, आमाला गप केलं, आनि बोलली. ते मी तिच्या आवाजात बऱ्याचदा काढून बघितलंय, अजून जमत न्हाई.

"थांबा. म्या चिया खाल्लं असतं तर?"

तिनं शेंगांची पाटी बाजूला सारली.

"ह्येनं चालतील म्हनून सांगितलं. म्या काल सकाळी खाल्लं असतं आनि दुपारी उठलं असतं, तर समद्यांनी चियालाच धरलं असतं. शेंगदाना सुटला असता. महिन्यानं म्या त्येच कूट परत भाजीत घातलं असतं, आनि बाळ पायावर असताना..." तिनं पदरानं तोंड पुसलं. "नवं बी आनि नवं खत एका वाफ्यात एकदम टाकत न्हाईत. कशानं जळलं त्ये कळत न्हाई. चिया चांगलं असंल, वाईट असंल, सवाल त्यो न्हाईच. आत्ता त्येचा वाफाच न्हाई."

सातवी शिकलेली आई. मॅडमनी अर्धा तास कागदावर रेघा मारून जे सांगितलं, ते हिनं एका वाफ्यात आनून ठेवलं. आप्पांनी वही मिटली आनि बसल्या जागी पाठ ताठ केली. सलाम न्हाई केला, पन मला तसंच वाटलं.

मग आई माझ्याकडं वळली. "आनि तू. ताईच्या बाळाच्या जिवाशी खेळनार व्हतास तू."

एवढंच. त्याच्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

सोमवारी सांगलीला गेलो. मॅडमनी वही वाचली, पन हसल्या न्हाईत. त्यांनी कागदांच्या गठ्ठ्यातनं एक कोरा डाएटचा कागद काढला आनि त्याच्या खाली पेनानं लिवलं: "चाखणे, दाताखाली धरून बघणे, चूळ भरून टाकणे, हे सुद्धा खाणेच आहे." म्हनाल्या, "हे मला तुमच्याकडून कळलं काकू. पुढच्या सगळ्यांना सांगेन." मग आईनं चियाचं इचारलं. मॅडम थांबल्या.

"बऱ्याच जणांना चालतं. तुम्हाला चालेल का, ते मला आत्ता माहीत नाही. यादीत नाही म्हणजे सध्या नाही. पोटासाठी दुसरं काहीतरी बघू. चिया सगळ्यात शेवटी, एकटं घेऊन बघायचं. वहीत लिहून ठेवा."

आईनं माझ्याकडं असं बघितलं, की मी भिंतीवरचा भाज्यांचा तक्ता वाचायला लागलो.

सगळं परत शांत करून मग एकेकाला वेशीच्या आत घेतलं. गहू आला, भांडन न्हाई. दूध आलं, न्हाई. चहा आला त्या दिवशी आईनं पैला घोट घेऊन डोळे मिटले, आनि आप्पा आनि मी देवळात बोलतात तसं हळू बोलत व्हतो. शेंगदान्याची परीक्षा घरी करू नका असं मॅडम म्हनाल्या, मिरजेला डॉक्टरांसमोर झाली. तासाभरात हात लाल. ठरलं. गाडीत येताना आई खिडकीतनं रानं बघत व्हती. तासगावच्या पुढं भुईमूग लागला, नुकता उगवलेला, तवा एवढंच म्हनाली, "बग की. आनि म्या त्येलाच पोसतीया."

चिया शेवटी आला. तीन दिवस, रोज एक चमचा. आमी रोज सकाळी आईचे हात उजेडात बघायचो. काय उठलं न्हाई. वहीत तिनं लिवलं: "चिया. काय न्हाई. चव पन न्हाई."

आता बी निवडायला आप्पा बसत्यात. आई दुसऱ्या टोकाला भाकरी थापत असते. कट्ट वाजलं की गप. नुसतं दबकं वाजलं की तिथनं म्हनते, "आवं, ओला हाय त्यो, उनात टाका." एकदा पन चुकलेली न्हाई. मी आवाजाचं खातो, पन असा कान मला न्हाई.

बाळ मार्चमधी झालं, मुलगी. पंधरा दिवसांनी शेजारच्या काकी बाळ बघायला आल्या, त्यांचा पोरगा तिकडं मद्रासकडं गलाईच्या, सोनं गाळायच्या दुकानावर असतो. आई न्हानीत पाटावर बसलेली, पाय लांब केलेले, नडगीवर बाळ पालथं. आईचे हात कोपरापोतर उघडे, तेलानं चमकनारे, नितळ. गोळीचं पाकीट फडताळात, दीड म्हैना कुनी उघडलेलं न्हाई. काकी दारात उभ्या राहून इचारत व्हत्या, "आगं, माझ्या बी अंगावर उठतंय हल्ली. त्ये चिया का काय, त्ये चालतंय का गं?"

"ह्येला इचारा," आई माझ्याकडं बघून म्हनाली. "मॅडम हाय ह्यो."

काकी हसल्या, ताई हसली, सगळ्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. आता आवाज येनार. मी गळा साफ केला, आनि माझ्याच आवाजात म्हनलं, "माहीत न्हाई काकी. वहीत लिवून ठेवा आनि सांगलीला चला."

आई हसली. खदाखदा, पाय हलंपोतर. पायावरचं बाळ पन हललं, पन तिचा एक हात त्याच्या पाठीवर घट्ट व्हता, आनि दुसऱ्यानं ती ऊन पानी घालत राह्यली.